आहे तसंच, फक्त फास्ट

नगरमध्ये कॉम्प्युटर बिघडत नाही, तो ‘स्लो’ होतो. पडदा निळा पडू दे, पंखा बोंबलू दे, की-बोर्डाच्या फटीतून मुंग्यांची रांग निघू दे, मालक दुरुस्तीच्या दुकानात येऊन सांगणार एवढंच, “थोडा स्लो झालाय राव, बघ जरा.” थोडा म्हणजे किती, असं विचारलं तर उत्तर मिनिटांत मिळत नाही. बटण दाबून अंघोळ उरकते असं सांगणारे भेटतात. एका पतसंस्थेत शिपाई आधी कॉम्प्युटर चालू करतो, मग शटर पुरतं वर सरकवतो, झाडू मारतो, संस्थापकांच्या फोटोला हार घालतो, उदबत्ती ओवाळतो, आणि तोवर पडद्यावर ‘वेलकम’ उमटलेलं असतं. नुसतं वेलकम. आत जायला अजून अवकाश असतो.

या दुखण्यावरचे उपाय ठरलेले आहेत. पहिला रिफ्रेश. डेस्कटॉपवरच्या मोकळ्या जागेत उजवं बटण दाबायचं आणि रिफ्रेश मारायचं; एकदा मारून भागत नाही, भराभर सात-आठ वेळा. त्याने पडद्यावरची चित्रं पुन्हा काढली जातात, बाकी आतलं तसूभर हलत नाही. पण सीए, ग्रामसेवक, मुख्याध्यापक, इतकंच काय कॉम्प्युटर शिकवणारे प्राध्यापकसुद्धा कामाला हात घालण्याआधी हे करतात. दुसरा उपाय ब्लोअर. डबा उघडून धूळ उडवायची. अनुभवी माणूस धुळीच्या रंगावरून मशीन कुठलं ते सांगतो: एमआयडीसीतलं असेल तर काळपट, सावेडीकडचं असेल तर नव्या बांधकामांची सिमेंटी, आणि कोपरगाव-राहात्याकडचं असेल तर साखर कारखान्याच्या धुराड्यातली काजळी. तिसरा उपाय म्हणजे रॅम वाढवणे. रॅम म्हणजे नक्की काय ते ठाऊक नसलं तरी ती वाढवावी, असं सगळ्यांचं मत असतं.

एवढं होऊनही वेलकम हलत नाही, तेव्हा कॉम्प्युटरवाल्या पोराला बोलावणं जातं. नगर जिल्ह्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस कायम ‘पोरगा’च असतो, मग त्याचं स्वतःचं पोरगं दहावीला का असेना. हा पोरगा डबा उघडतो, कान लावून ऐकतो आणि निदान सांगतो, “हार्ड डिस्क गेल्यात जमा आहे. एसएसडी टाकून घ्या.”

त्याचं निदान बहुतेक वेळा बरोबर असतं, ही या धंद्यातली दुर्मिळ गोष्ट. हार्ड डिस्कच्या पोटात चकचकीत थाळ्या फिरत असतात, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० फेरे, डेस्कटॉपमध्ये ७२००. थाळीवरून एक दांडी सरकते आणि हवी ती जागा शोधते. सलग एकच मोठी फाइल वाचायची असेल तर ती सेकंदाला शंभर-दीडशे एमबी सहज देते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक फायली एकदम मागतं, एक इकडची, एक तिकडची, आणि त्या प्रत्येकीसाठी दांडीला हेलपाटा पडतो. हेलपाटा दहा-बारा मिलिसेकंदांचा, पण हजारदा. मग तोच वेग सेकंदाला एक एमबीच्या आसपास येऊन टेकतो आणि शिपायाची उदबत्ती संपते.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. नुसत्या चिपा. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ज्या फ्लॅश मेमरीचा शोध लावला, तिचंच हे आजचं रूप. साधी साटा केबलवाली एसएसडीसुद्धा सेकंदाला साडेपाचशे एमबीपर्यंत जाते. मदरबोर्डावर थेट खोचायची एनव्हीएमई असेल तर साडेतीन हजार आणि त्याहून पुढे. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हा ती वजनाला टनाच्या वर होती आणि तिच्यात मावत होतं ५ एमबीच्या आत-बाहेर, म्हणजे आजच्या मोबाइलने काढलेला एक फोटो. तोही साखरपुड्याचा असेल तर एकटाच.

तर निदान झालं, डिस्कची किंमत ठरली, आणि मग खरा संवाद सुरू होतो.

“दादा, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकतो. एकदम कडक चालंल.”

“फॉरमॅट नाय मारायचा.”

“अहो, डेटा आधी काढून ठेवतो ना बाजूला.”

“काढायचं नाय काही. आहे तसंच राहिलं पाहिजे सगळं. फक्त फास्ट कर.”

आहे तसंच, फक्त फास्ट. मला वाटतं, कुठल्याही बदलाकडून आपली एकूण अपेक्षा या चार शब्दांत मावते. सून नव्या पद्धतीची हवी, घर आहे तसंच राहावं. शाळा डिजिटल व्हावी, फळा जागचा हलू नये. (नगर-मनमाड रस्त्याच्या बाबतीत अपेक्षेचा पहिला अर्धा भाग वर्षानुवर्षं पूर्ण होत आला, ती गोष्ट वेगळी.) डिस्क बदलायची, पण डेस्कटॉपवरचं ‘न्यू फोल्डर’ ज्या कोपऱ्यात होतं त्याच कोपऱ्यात सापडलं पाहिजे, आणि त्याच्या आतलं ‘न्यू फोल्डर २’ सुद्धा.

याची गंमत अशी की ज्या शहरात ही मागणी होते, ते शहरच मुळात फॉरमॅट मारून उभं राहिलेलं आहे. मलिक अहमद निजामशहाची राजधानी होती जुन्नरला. २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ त्याने बहमनी फौज लोळवली आणि पुढे त्याच माळावर, सीना नदीच्या काठी, नवी राजधानी वसवायला घेतली. जुन्नर उचलून जसंच्या तसं इथे आणून ठेवा, असं त्याला कोणी म्हटल्याची नोंद नाही. गल्ल्या नव्या, बागा नव्या, पाण्याचे नळ नवे. कोरी जागा, कोरी मांडणी. त्याच्या पदरी जुन्नरचा एखादा जुना कारकून असता तर म्हणाला असता, “खाविंद, शहर नवं बांधा, पण माझी गादी खिडकीपाशीच ठेवा.” इतिहासात अशा कारकुनांची नावं येत नाहीत. कॉम्प्युटरच्या दुकानात मात्र ते रोज येतात.

फॉरमॅटला माणूस एवढा का भितो, हे समजून घ्यायचं असेल तर डीटीपीच्या दुकानात बसावं. दिल्ली दरवाजाच्या आतल्या अंगाला आमच्या ओळखीचं असं एक दुकान आहे. मालकांना सगळे मामा म्हणतात. लग्नपत्रिका, वास्तुशांत, दशक्रिया, वाढदिवसाचे फ्लेक्स, पतसंस्थेचे अहवाल, सगळं एकाच मशीनवर. या मशीनमध्ये श्रीलिपी आहे, आणि ती चालायला मागे डोंगल खोचलेलं लागतं. डोंगल मामा रात्री काढून खिशात घालून घरी नेतात. गल्ला विसरले तरी चालेल. पेजमेकर ७ आहे, २००१ सालचं. ते आता मिळत नाही. त्याची सीडी होती, ती भाच्याने नेली, भाचा पुण्याला गेला आणि पुण्याहून जर्मनीला. कोरल आहे, त्याच्याविषयी फार चौकशी करू नये. कॅननचा एक जुना काळा-पांढरा प्रिंटर आहे, तो कोणत्या ड्रायव्हरवर चालतो हे मामांनाही माहीत नाही. ज्याने बसवला तो पोरगा आता जमिनीचे व्यवहार करतो.

आणि मग डेटा. फोल्डरचं नाव ‘साहेब’. त्याच्या आत ‘साहेब हात जोडून’, ‘साहेब हात वर’, ‘साहेब फेटा’, ‘साहेब गंभीर’. हे शेवटचं श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी. असे साहेब पक्षवार लावलेले. एखाद्या साहेबांनी पक्ष बदलला की त्यांचं फोल्डर नव्या पक्षात न्यावं लागतं. मी एकदा भाबडेपणाने म्हटलं, “कट करून तिकडे पेस्ट करत असाल.” मामांनी माझ्याकडे अजाण लेकराकडे बघावं तसं बघितलं. “कट कशाला? कॉपी. परत आले तर?”

त्यात जिल्ह्याचं नाव बदललं. राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय मार्च २०२४ मध्ये झाला, केंद्राची मंजुरी येऊन ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिसूचना निघाली आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. चौंडी याच जिल्ह्यातली, जामखेड तालुक्यातली. अहिल्यादेवींचा तिथला जन्म १७२५ सालचा, म्हणजे नव्या नावाला तीनशेव्या जयंतीचा मुहूर्तही जवळचा मिळाला. लोकांना रोजच्या बोलण्यात काही जड गेलं नाही, कारण आधीही सगळे नुसतं ‘नगर’ म्हणायचे आणि आताही एसटीतला कंडक्टर “नगर, नगर, नगर” असंच ओरडतो. जड गेलं ते मामांना. जिल्ह्यातल्या शाळा, सोसायट्या, तालमी, भजनी मंडळं यांची लेटरहेडं त्यांच्याकडे, आणि प्रत्येकावर ‘जि. अहमदनगर’. एकदम शोधून एकदम बदलता आलं असतं तर प्रश्न नव्हता. पण जुन्या फॉन्टातली मराठी ही आतून इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फक्त देवनागरीचा वेष. शोधायला गेलं तर ‘अहमदनगर’ नावाचं तिथे काही नसतंच. शिवाय छापखान्यात फॉन्ट दगा देऊ नये म्हणून मामांनी निम्म्या फायली ‘कर्व्ह करून’ ठेवलेल्या. कर्व्ह केलं की अक्षर अक्षर राहत नाही, चित्र होतं. मग एकेक फाइल उघडायची, जुनं नाव पुसायचं, नवं टाकायचं आणि जुनी फाइल ठेवून द्यायची. का ठेवायची ते विचारण्याचं धाडस मी यावेळी केलं नाही.

तर अशा माणसाला फॉरमॅट म्हणजे दरोडाच. त्याच्यासाठी वाट उरते ती क्लोनची. जुन्या डिस्कवर जे जे आहे, विंडोजसकट, व्हायरससकट, २०१४ सालच्या रिचार्जच्या पावतीसकट, ते सगळं नव्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. त्याची सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. तैवानातल्या मंडळींनी केलेलं क्लोनझिला तर गेली कित्येक वर्षं जगभर हेच काम करतंय. एक साटा-यूएसबी केबल घ्यायची, नवी डिस्क बाहेरून जोडायची आणि बटण दाबायचं. ऐकायला एवढंच आहे.

पहिली अडचण जागेची. जुनी डिस्क ५०० जीबीची आणि नवी घेतलेली २५६ ची, कारण माणूस घासाघीस करताना वेगाकडे बघतो, पोटाकडे बघत नाही. त्यात २५६ ची डिस्क जोडली की विंडोज दाखवतं २३८. कारण सरळ आहे: कंपनी जीबी मोजते हजाराच्या पटीत आणि विंडोज मोजतं १०२४ च्या पटीत, माल तेवढाच, माप वेगळं. ५०० ची डिस्कही म्हणूनच ४६५ दिसते. पण हे गिऱ्हाइकाला समजावणं अवघड. अख्खं आयुष्य कांदा मार्केटला घालवलेला माणूस असेल तर त्याला समजावावं लागतही नाही. घरून भरून नेलेली गोणी आणि पट्टीवर लागलेलं वजन यांच्यात तूट असतेच, हे त्याने कधीच मान्य केलेलं असतं. तो फक्त विचारतो, “अठरा जीबी कुणी खाल्लं?”

मग काहीतरी उडवणं भाग पडतं आणि इथे घरात बैठक बसते. थोरल्याच्या लग्नाची शूटिंग ४० जीबी. ती कोणी पाहिली? कोणीच नाही. उडवायची? तशी नजर जरी टाकली तरी वहिनींचा चेहरा बघवत नाही. पोराच्या एमपीएससीच्या नोट्स १२ जीबी. पोरगा आता शेळीपालन करतो, पण नोट्स उडवल्या तर आशा उडवल्यासारखं होतं. ‘मोबाइल बॅकअप’, ‘मोबाइल बॅकअप जुना’, ‘मोबाइल बॅकअप जुना कॉपी’ या तिन्हींत तेच फोटो, गुड मॉर्निंगच्या गुलाबांसह. शेवटी सर्वानुमते रिसायकल बिन रिकामा होतो. त्यातून मिळतात सातशे एमबी, आणि वडील समाधानाने म्हणतात, “बघा, मोकळं झालं की नाही.”

दुसरी अडचण सोर्स आणि टार्गेटची. सॉफ्टवेअर विचारतं: कुठून कुठे? पडद्यावर दोन डिस्कांची दोन चित्रं, नावं कंपनीच्या नंबरांची, दिसायला सारखीच. इथे उलटं बटण दाबलं गेलं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर मनोभावे उतरवली जाते आणि दोन्ही कोऱ्या होतात. क्लोन मात्र शंभर टक्के यशस्वी झालेला असतो. कॉम्प्युटरवाल्या पोरांच्या चहाच्या कट्ट्यावर हा किस्सा नेहमी ‘एका दुसऱ्या दुकानातल्या पोराचा’ म्हणून सांगितला जातो. ते दुसरं दुकान अजून कोणाला सापडलेलं नाही.

तिसरी अडचण म्हणजे वाट बघणे. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत असते आणि खाली लिहिलेलं असतं: ३७ मिनिटे बाकी. मग १ तास १२ मिनिटे. मग ९ मिनिटे. मग ६ तास. कोणी या आकड्यावर चिडलं तर त्याला अकोले-संगमनेरकडे पाठवावं. निळवंडे धरणाला मंजुरी मिळाली १९७० साली आणि त्याच्या डाव्या कालव्याला पाणी सुटलं २०२३ साली. मधल्या काळात शिल्लक वेळ सांगणारे कितीतरी जण येऊन गेले. तिथली माणसं क्लोनिंगच्या पट्टीसमोर अत्यंत शांतपणे बसतात. ६३ टक्क्यांवर पट्टी थांबली, जुनी डिस्क टक-टक करायला लागली, तरी ती विचलित होत नाहीत. उलट दुसऱ्यांना धीर देतात, “येईल, टेलपर्यंत येईल.”

टक-टक म्हणजे बॅड सेक्टर. थाळीवरची ती जागा वाचताच येत नाही. सॉफ्टवेअर विचारतं: एवढं सोडून पुढे जाऊ? आणि पोरगा मालकाला न विचारता ‘हो’ म्हणतो. काय सोडलं ते लगेच कळत नाही. दोन वर्षांनी एखादी फाइल उघडायला जावं तेव्हा कळतं.

नकल करताना काहीतरी निसटतं, काहीतरी जास्तीचं शिरतं, हे या जिल्ह्याला नव्याने सांगायची गरज नाही. शके १२१२, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती इथे नेवाशात. लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. पुढे जवळपास तीनशे वर्षं तिच्या प्रतीवरून प्रती होत राहिल्या. एकाने शब्द चुकवला, दुसऱ्याने तो आपल्या समजुतीने दुरुस्त केला, तिसऱ्याला स्फूर्ती आली. शेवटी शके १५०६ म्हणजे १५८४ साली पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि इथून पुढे यात कोणी आपल्या ओव्या घालू नयेत अशी ताकीद देऊन ठेवली. म्हणजे पडताळणी करून फाइल रीड-ओन्ली केली. आज क्लोन सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हेरिफाय’ नावाचा चौकोन असतो, त्यावर खूण केली तर उतरलेलं सगळं मुळाशी ताडून बघता येतं. वेळ लागतो म्हणून ती खूण कोणी करत नाही. नाथांना वेळ होता असं नाही. त्यांना गिऱ्हाइकाचा फोन येत नव्हता.

सरकारने मात्र एकदा ही खूण केली होती. हाताने लिहिलेले सातबारे कॉम्प्युटरवर चढवले तेव्हा कुणाच्या नावाची वेलांटी गेली, कुणाचं क्षेत्र गेलं, कुणाचा भाऊ वाढला. मग २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झालं: तलाठी मोठ्याने वाचणार, खातेदार ऐकून चूक सांगणार. जगातली याहून खणखणीत पडताळणी मला माहीत नाही, कारण इथे प्रत्येक सेक्टर उभा राहून बोलतो. “आबा, तुमचं एक हेक्टर वीस आर.” “वीस नाय, बावीस! दोन आर कुठं गेलं?” त्यासाठी तलाठ्यांना एडिट मॉड्यूल दिलं, ते पुरलं नाही म्हणून री-एडिट मॉड्यूल दिलं, आणि त्यातूनही जे उरलं ते कलम १५५ खाली तहसीलदारांच्या आदेशाने दुरुस्त होत राहिलं. अजून होतंय. त्या मानाने विंडोजचा क्लोन म्हणजे पोरखेळ.

क्लोन झाला, जुनी डिस्क काढली, नवी बसवली, बटण दाबलं की काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते. तिचा आशय असा की ज्यावरून सुरू व्हायचं असं काहीच इथे सापडत नाही. इथून पुढचं काम बायोसमध्ये. त्यात शिरायचं बटण प्रत्येक कंपनीने वेगळं ठेवलंय: कुठे एफ२, कुठे एफ१०, कुठे डिलीट, कुठे एस्केप. पोरगा धोका पत्करत नाही. तो दोन्ही हातांनी सगळीच दाबत सुटतो. लेनोवोच्या काही लॅपटॉपना कडेला बारीक भोक असतं, त्यात टाचणी घालावी लागते. टाचणी दुकानात नसते, म्हणून शेजारच्या ब्लाउजवाल्या ताईंकडून आणली जाते. सगळ्या तंत्रज्ञानाच्या मुळाशी कुणातरी ताईंची टाचणी असते, असं माझं निरीक्षण आहे.

बरं, आपण डिस्कला काय नाव ठेवलंय याच्याशी मशीनला देणंघेणं नसतं. लेबल काहीही द्या, ते आतला ओळखक्रमांक बघतं. माणसाचं उलट आहे. पाथर्डी रस्त्यावरच्या डोंगरावर जी उंच वास्तू दिसते तिला सगळं नगर चांदबीबीचा महाल म्हणतं. ती कबर आहे, आणि चांदबीबीची नाही, निजामशाहीतल्या सलाबतखानाची आहे. पण रविवारी भजी बांधून निघालेल्या माणसाला “सलाबतखानाच्या कबरीवर चाललोय” असं म्हणवत नाही. लेबल चुकीचं असलं तरी सिस्टीम व्यवस्थित चालू आहे.

एकदाचं सगळं जमतं आणि नवी डिस्क सुरू होते. बारा-पंधरा सेकंदांत डेस्कटॉप हजर. आता माणसाने खूश व्हावं की नाही? त्या पतसंस्थेतला शिपाई हवालदिल झाला. शटर अर्धं वर आहे, झाडू हातात आहे आणि कॉम्प्युटर पासवर्ड मागतोय. देवाआधी हा जागा व्हायला लागला, ही त्याची तक्रार. एका निमसरकारी कचेरीत तर मी लेखनिकबाईंना एसएसडी चक्क नाकारताना पाहिलंय. “सिस्टीम स्लो आहे, चहा घेऊन या” हे वाक्य त्यांच्या हातून काढून घेतलं जाणार होतं. त्यांना कोणीतरी समजावलं की मॅडम, सर्व्हर डाऊन शिल्लक आहे. तेव्हा कुठे त्यांनी सही केली.

जाणत्यांची तक्रार वेगळी आणि ती मला पटते. हार्ड डिस्क मरायच्या आधी कुरकुरते, टक-टक करते, नातेवाइकांना बोलावून घेते. एसएसडी काल रात्री ठणठणीत असते आणि सकाळी नसते. शिवाय हार्ड डिस्कवरून उडवलेली फाइल पुष्कळदा परत आणता यायची, कारण उडवणं म्हणजे फक्त यादीतून नाव काढणं. एसएसडीत ट्रिम नावाची सोय असते. उडवलेली जागा ती मागाहून खरोखर साफ करून टाकते. ‘गेलेला डेटा परत मिळेल’ अशा पाट्या लावलेल्या दुकानदारांना या प्रामाणिकपणाचा फार त्रास होतो.

मामांचं मशीनही शेवटी झालं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, त्या धामधुमीत पोराकडे रांग लागली होती. मामांचं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हतं, त्यामुळे वर्गोन्नतीचा प्रश्न मिटला आणि नुसती डिस्क बदलायचं ठरलं. मामांनी ५०० ची एसएसडी घ्यायला साफ नकार देऊन २५६ चीच घेतली आणि ‘साहेब’ वगळता बाकी बरंच काही पेन ड्राइव्हवर काढून जागा केली. क्लोन निर्विघ्न पार पडला. एसएसडी बसवायला आत खाच नव्हती, म्हणून ती केबल-टायने लटकवली. पोराने जुनी डिस्क काढून नवी एकटी चालवून दाखवली, मामांनी डोंगल लावून श्रीलिपी उघडून बघितली, ‘साहेब हात जोडून’ जागेवर आहेत याची खात्री केली आणि पैसे दिले. वर म्हणाले, “जुनी पण जोडून ठेव आत. असू दे, बॅकअप.” पोराने दुसरी केबल लावली, झाकण बसवलं आणि गेला.

त्यानंतर मामा भेटेल त्याला वेगाची कौतुकं सांगत होते. कोरल कसं फाडकन उघडतं, पेजमेकरला तर पंख फुटलेत. दोन गिऱ्हाइकं त्यांनीच पोराकडे धाडली. ऐन लग्नसराईत प्रिंटरचं टोनर भरायला पोरगा दुकानात आला तेव्हा मी तिथेच बसलो होतो. त्याने सवयीने ‘धिस पीसी’ उघडलं आणि त्याचा हात थांबला. सी ड्राइव्हखाली आकडा होता ४६५.

“मामा, हे जुनीवरून चालू होतंय.”

“म्हंजी?”

“जुनी डिस्क परत जोडली ना, बायोसने तिलाच आधी धरलं. नवी नुसती लटकतीय. त्या दिवसापासून तुम्ही जुनीवरच काम करताय.”

मामांनी आत लटकलेल्या एसएसडीकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. पोराने सांगितलं की आता नुसती ऑर्डर बदलली तर इतक्या दिवसांचं काम दिसणार नाही, पुन्हा क्लोन मारावा लागेल, आणि तो ब्लोअरची पिशवी उघडायला लागला. मामांनी माउस त्याच्या हातून हळूच काढून घेतला.

“असंल जुनी,” ते म्हणाले. “पण पैसे दिल्यापासून पळतीय, ते तर खोटं नाय ना?”